झडीत बंद, उन्हात सुरू

पावसात बंद पडलेली जुनी मोटारसायकल दुसऱ्या दिवशी उन्हात एका किकमध्ये सुरू झाली, की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. माझं सांगणं असं, की खरं सावध व्हायचं ते तेव्हाच. दोष कुठेही गेलेला नसतो, तो फक्त वाळलेला असतो. पुढच्या पावसात तो हटकून परत येतो, आणि कुठल्या वळणावर, किती वाजता येईल ते आपल्या हातात नसतं.

मी अड्याळजवळच्या एका गावात राहतो. काम भंडाऱ्यात, म्हणून पवनी-भंडारा रस्ता रोजचाच. गाडी २००२ सालची हिरो होंडा स्प्लेंडर, एमएच ३६ पासिंगची, वडिलांनी घेतलेली. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत तिची नोंदणी रीतसर वाढवली आणि पाच वर्षांनी पुन्हा वाढवली. इंजिन ठणठणीत आहे, अॅव्हरेज चांगलं आहे, आणि गावात कुणालाही ती उघडता-जोडता येते. अशा शेकडो गाड्या आमच्या भागात आजही रोज धावतात. त्यांना मोडीत काढा म्हणणं सोपं आहे, पण धानाच्या एका हंगामावर वर्ष काढणाऱ्या घराला नवी गाडी सहज परवडत नाही. म्हणून जुनी गाडी नीट राखणं हाच आमच्यापुढचा खरा मार्ग आहे.

आमच्या जिल्ह्यात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. धो धो पाऊस गाडीवरून वाहून तरी जातो. झडीचं पाणी मुरतं. दोन-दोन, तीन-तीन दिवस ऊन दिसत नाही, पडवीत उभ्या असलेल्या गाडीच्या वायरीसुद्धा ओलसर लागतात. त्यात रोवणीच्या दिवसांत याच गाडीच्या सीटवर पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, ओल्या पेंढ्या बांधून शेतातल्या बांधीपर्यंत न्यायच्या असतात. पेंढ्यांतलं गढूळ पाणी सीटखाली झिरपतं, आणि तिथेच, साइड कव्हरच्या आत, बॅटरी, फ्यूज आणि वायरींचे कप्लर असतात.

अशाच एका जुलैतली गोष्ट. संध्याकाळी भंडाऱ्याहून परतताना पहेल्याच्या पुढे गाडीने दोन-चार झटके दिले आणि ती बंद पडली. इंजिन थांबताच हेडलाइट गेला आणि मागचा लाल दिवाही विझला. या जुन्या गाड्यांत हे दोन्ही दिवे मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनसोबत फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या, करंटवर चालतात. इंजिन बंद तर दिवे बंद. अंगावर काळा रेनकोट, काळी गाडी, ओला रस्ता. मागून येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला मी दिसलो तो अगदी जवळ आल्यावर. त्याने करकचून ब्रेक मारला, ट्रक थोडा घसरला आणि हातभर अंतरावरून पुढे निघून गेला. पावसात गाडी बंद पडण्याकडे तेव्हापासून मी नुसती गैरसोय म्हणून पाहत नाही.

वाळली की दोष लपतो

दुसऱ्या दिवशी उघाड पडली. गाडी शहरातल्या एका गॅरेजात नेली. तिथे प्लग बदलला, गाडी सुरू झाली. पुढच्या झडीत पुन्हा बंद. मग प्लगच्या ठिणगीचा करंट सोडणारा सीडीआय बदलला, गाडी पुन्हा सुरू. पाऊस आला, पुन्हा तेच. शेवटी कॉइल आणि पूर्ण वायरिंग बदलावी लागेल असं सांगण्यात आलं.

यात कुणी मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. पण झालं काय ते बारकाईने पाहा. गाडी दर वेळी रात्रभर गॅरेजच्या छपराखाली उभी राहत होती. तेवढ्यात ती वाळत होती, आणि वाळल्यामुळेच सुरू होत होती. सकाळी जो पार्ट टाकला त्याच्या नावावर ते श्रेय जमा होत होतं. पार्ट टाकणाऱ्यालाही मनापासून वाटत होतं, की आपण दोष काढला. पावसाळी बिघाडात माणसाचे पैसे जातात ते नेमके इथे.

उलगडा झाला तो पहेल्याच्या बाजूच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे. राजदूतच्या काळापासून हात काळे केलेला माणूस. गाडी पाहण्याआधीच ते म्हणाले, "भाऊ, वाळली गाडी आनली तं दोष दिसन कसा? ओली असन तवाच आना." मग स्वतःच म्हणाले, "संध्याकाळी या, अंधार पडल्यावर. पानी आपन मारू."

अंधार पडल्यावर त्यांनी गाडी अंगणात उघड्यावर सुरू ठेवली, दुकानातला दिवा मालवला आणि फवाऱ्याच्या बाटलीने प्लगच्या वायरीवर अगदी बारीक पाणी उडवलं. टाकीखालून येणारी जाड वायर प्लगच्या कॅपमध्ये जिथे शिरते, तिथे बोटाच्या पेराएवढ्या जागेत एक निळसर रेघ थरथरू लागली. चट-चट असा बारीक आवाज येत होता. ठिणगी प्लगमध्ये पडायची ती बाहेरच, शेजारच्या फिनवर उडत होती, आणि ती उडाली की इंजिन अडखळत होतं. इतका वेळ ज्याच्या शोधात दोन पार्ट बदलले गेले तो दोष डोळ्यांसमोर दिसत होता: वर्षानुवर्षं उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन तडकलेलं वायरीचं टोक आणि रबर सुटलेली कॅप.

त्यांनी वायरीचं तडकलेलं टोक तेवढं छाटलं, वायर पुरेशी लांब असल्याने उरलेल्या चांगल्या भागावर नवी कॅप फिरवून बसवली, आणि मग पुन्हा त्याच जागी पाणी मारलं. इंजिन एकसारखं चालत राहिलं. तेव्हा कुठे त्यांनी हात पुसले. नवी कॅप सीडीआयच्या मानाने अगदी किरकोळ किमतीची वस्तू आहे.

पाणी सहसा नवा दोष घालत नाही, जुना उघडा पाडतं, हे मी त्या संध्याकाळी शिकलो. प्लगपर्यंत जाणारा दाब हजारो व्होल्टचा असतो, त्याला बारीकशी चीरही पुरते. नुसतं पावसाचं पाणी वीज फारशी वाहून नेत नाही. पण वायरीवर बसलेली धूळ, चिखल आणि तेलकट मळ त्यात मिसळला की त्याची वीज वाहणारी वाट तयार होते. म्हणून पावसाळी दोष शोधायचा तो गाडी ओली असताना, किंवा ओली करून.

ही परीक्षा घरीही करता येते, पण नियम पाळून. गाडी उघड्यावर उभी करा. बंद खोलीत किंवा गोठ्यात इंजिन चालू ठेवलं तर धुराने जीव जाऊ शकतो. पाणी फवाऱ्याचंच, तेही थोडं, आणि एका वेळी एकाच जागी: आधी प्लगची कॅप, मग वायर, मग चावीचं लॉक, मग कप्लर. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पाणी जाऊ देऊ नका. चालू इंजिनच्या प्लगवायरीला हात लावू नका. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने या कामापासून दूरच राहावं.

बिघाड कोणत्या बाजूचा?

स्पॅनर उचलण्याआधी एक गोष्ट ठरवा: बिघाड बॅटरीच्या बाजूचा आहे की मॅग्नेटच्या? जुन्या स्प्लेंडर किंवा सीडी १०० सारख्या गाड्यांत प्लगचा करंट थेट मॅग्नेटच्या एका कॉइलमधून सीडीआयला मिळतो; याला एसी सीडीआय म्हणतात. बॅटरी मेली तरी किक मारून गाडी सुरू होते. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा मात्र बॅटरीवर चालतात.

म्हणजे हॉर्न घोगरा झाला, इंडिकेटर मिचकायचं थांबलं, पण गाडी सुरू होते आणि हेडलाइट चांगला लागतो, तर बॅटरी, फ्यूज आणि त्यांच्या वायरी पाहा. उलट हॉर्न खणखणीत आहे पण गाडीच सुरू होत नाही, तर नवी बॅटरी घेऊन काही उपयोग नाही. सीडीआय, मॅग्नेट, प्लग आणि लॉककडे चला. सगळंच मंद झालं असेल तर बहुधा अर्थिंगमध्ये गडबड असते.

डीसी सीडीआय असलेल्या गाड्यांत मात्र प्लगलाही बॅटरीचाच करंट लागतो. तिथे बॅटरी उतरली की किक मारून दमायला होतं, गाडी सुरू होत नाही. राजदूत किंवा जुनी बुलेट असेल तर सीडीआयच नाही, तिथे पॉइंट असतात; पॉइंटच्या झाकणाआड पाणी गेलं की करंट बंद. आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर बहुतेक नव्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. त्यांच्या कंट्रोल युनिटवर असले प्रयोग करू नका. आपल्या गाडीचा प्रकार कोणता, हे कोरड्या दिवसांतच विचारून ठेवा.

प्लगला करंट येतो का?

प्लग काढा, कॅपमध्ये बसवा आणि प्लगचा लोखंडी भाग इंजिनच्या धातूला घट्ट टेकवून किक मारा. प्लगच्या भोकापासून हे काम लांब करा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. प्लग हवेत अधांतरी ठेवून किक मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइल आणि सीडीआयवर ताण येतो. ओल्या हाताने कॅप धरू नका. ठिणगी निळी, जाड आणि नेमाने पडली तर करंटची बाजू ठीक, मग पेट्रोलमध्ये पाणी गेलंय का ते पाहा. ठिणगी पिवळट, बारीक किंवा अधूनमधून पडली तर कॅप, वायर आणि कॉइल तपासा. अजिबात नसेल तर पुढचा मुद्दा वाचा.

चावीच्या लॉकमधलं पाणी

खूप जणांचा सीडीआय विनाकारण बदलला जातो तो इथे. एसी सीडीआयच्या जुन्या गाड्यांत चावी बंद केली की लॉकमधून एक वायर अर्थ होते आणि त्यामुळे करंट थांबतो. होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये ही वायर काळी, त्यावर पांढरी पट्टी अशी असते. लॉकमध्ये पाणी किंवा हिरवा मळ साचला की चावी चालू असतानाही ती वायर आतल्या आत अर्थ होत राहते. गाडीच्या दृष्टीने चावी बंदच असते.

तपासायचं असं: सीडीआयकडे जाणाऱ्या या वायरीचा जोड तेवढा सोडा आणि पुन्हा ठिणगी पाहा. ठिणगी आली, तर सीडीआय निर्दोष आहे आणि दोष लॉकचा किंवा तिथवर जाणाऱ्या वायरीचा आहे. एक लक्षात ठेवा, हा जोड सुटलेला असताना चावीने इंजिन बंद होणार नाही. गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच हळू सोडूनच ते थांबवावं लागेल. म्हणून ही फक्त परीक्षा आहे, तशी गाडी चालवत राहू नका. हँडलवर लाल किल स्विच असलेल्या गाड्यांत तो स्विचही याच नजरेने पाहा.

लॉक साफ करायला कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा वापरा आणि पूर्ण वाळू द्या. आत इंजिन ऑइल ओतलं की धूळ चिकटते. ग्रॅफाइटची पूड तर मुळीच नको, ती वीज वाहून नेते.

अर्थिंग: सगळ्यात दुर्लक्षित जागा

दुचाकीत बॅटरीची निगेटिव्ह बाजू चेसिसला जोडलेली असते. प्रत्येक दिव्यातून गेलेला करंट परत यायचा तो या चेसिसमधून आणि अर्थच्या वायरीतून. होंडा पद्धतीत ही वायर हिरवी असते. तिच्या टोकाची कडी जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे दोन-चार पावसाळ्यांत गंज चढतो.

याची खूण ओळखायला मीटरही लागत नाही. ब्रेक दाबल्यावर मागचे इंडिकेटर मंद उजळतात का? इंडिकेटर मिचकताना त्याच तालावर दुसरा एखादा दिवा लुकलुकतो का? तसं होत असेल तर करंटला परत जायची सरळ वाट मिळत नाही आणि तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो आहे. इथे बल्ब बदलत बसू नका. बोल्ट सोडा, कडी आणि चेसिसची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा.

एवढ्याशा गंजाने काय होतं ते हिशोबाने पाहू. १२ व्होल्टचा ३५ वॉटचा बल्ब सुमारे तीन अँपिअर करंट घेतो, म्हणजे त्याचा स्वतःचा अडथळा चार ओहमच्या आसपास. वाटेतल्या गंजलेल्या जोडाने फक्त एक ओहमची भर घातली तरी दोन-अडीच व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि बल्बचा उजेड जवळपास निम्म्यावर येतो. कोका अभयारण्याच्या बाजूने रात्री जाणाऱ्याला निम्म्या उजेडाचा अर्थ सांगायला नको. समोर रानडुक्कर आलं तर ते दिसेल तेव्हा उशीर झालेला असतो.

कप्लरलाही हेच लागू. हेडलाइटच्या डोमच्या आत वायरींचा मोठा गुच्छ असतो आणि डोमच्या खालच्या भागात पाणी साचतं. कप्लर ओढून काढा, पितळी पिना पाहा. हिरवा किंवा पांढरा थर दिसला तर क्लीनर आणि जुन्या टूथब्रशने घासा. सैल पिना हलक्या हाताने दाबून घट्ट करा. कप्लरला चारी बाजूंनी टेप गुंडाळू नका, शिरलेलं पाणी आतच कोंडतं. शक्य तिथे वायर कप्लरच्या थोडी खाली लोंबेल अशी ठेवा, म्हणजे थेंब वायरीवरून ओघळून खाली पडेल, कप्लरमध्ये शिरणार नाही.

फ्यूजच्या जागी तार नको

ही गोष्ट सगळ्यांत कळकळीने सांगतो. आमच्या गावातल्या एका तरुणाच्या गाडीचा फ्यूज पावसात सारखा उडत होता. रस्त्यावरच्या एका दुकानात त्याला फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून दिली. गाडी छान चालली. काही आठवड्यांनी हँडल वळवताना टाकीच्या पुढून धूर निघाला. हँडलच्या मानेशी वायरींचा जुडगा चेसिसला घासून सोलला होता. मूळ दोष तोच होता आणि फ्यूज उडून तेच सांगत होता. फ्यूज असता तर तो उडाला असता. तार असल्यामुळे वायरिंग जळत गेली, आणि वर पेट्रोलची टाकी. तरुण वेळेवर उतरला आणि शेजारच्या शेतातल्या लोकांनी माती टाकून आग विझवली, म्हणून वाचला.

फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा नवा टाका. आकडा गाडीच्या पुस्तिकेत आणि फ्यूजवर लिहिलेला असतो. तोही उडाला तर थांबा, शॉर्ट आहे. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून पाहा, कुठल्या कोनात उडतो. हँडलची मान, सीटखाली चेसिसला टेकणारी वायर आणि मागच्या मडगार्डवरून दिव्याकडे जाणारी वायर, या तीन जागा आधी पाहा. धानाच्या पोत्यांजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायरही शोधा. मोठा फ्यूज, तार, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, यातलं काहीही चालणार नाही.

बॅटरी आणि चार्जिंग

साधा मल्टीमीटर घरात असू द्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या वर असेल तर पूर्ण भरलेली आहे. १२ पर्यंत आली असेल तर जवळजवळ रिकामी. मग इंजिन सुरू करून मधल्या वेगावर मोजा. साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास आकडा आला तर चार्जिंग ठीक. वाढलाच नाही तर मॅग्नेटची चार्जिंग कॉइल, रेक्टिफायर किंवा त्यांचे कप्लर पाहा. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला. बल्ब वारंवार उडतात आणि बॅटरीतलं पाणी भराभर कमी होतं ते यामुळेच. नवी बॅटरी घेण्याआधी ही दोन मापं घेतली नाहीत, तर नवीही तशीच बसेल.

पुरात बुडालेली गाडी

२०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला. वरून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी, खाली गोसीखुर्द धरणाची ३३ दारं उघडलेली. भंडारा शहराचा सखल भाग, कारधा, पवनी आणि लाखांदूरकडची गावं पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर अंगणाअंगणांत गाळाने माखलेल्या मोटारसायकली उभ्या होत्या, आणि पुष्कळांनी पहिली गोष्ट केली ती किक मारण्याची.

बुडालेल्या गाडीला किक किंवा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी चारी बाजूंनी फोटो काढा, पंचनाम्यासाठी आणि विम्यासाठी. पुराचं नुकसान कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत मिळतं, नुसत्या थर्ड पार्टीत मिळत नाही; जुन्या गाडीवर बहुधा थर्ड पार्टीच असते, तेव्हा आपली पॉलिसी पावसाळ्याआधी वाचून ठेवा.

मग बॅटरी काढा, निगेटिव्हची वायर आधी. गाळ वाळण्याआधी साध्या पाण्याने हळू धुवा. गाळ वाळला की कप्लरमध्ये दगडासारखा बसतो. प्रेशरचा पाइप कप्लर, लॉक, मीटर आणि हेडलाइटवर मारू नका, कारण जिथे पुराचं पाणी गेलं नसेल तिथेही तो पाणी घालतो. इंजिन ऑइल, कार्ब्युरेटर आणि टाकी रिकामी करा; ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे. प्लग काढून, चावी बंद ठेवून, हळू किक मारली की सिलिंडरमधलं पाणी बाहेर येतं. मॅग्नेटचं कव्हर उघडून आतला गाळ काढून घ्या. सगळे कप्लर सोडून दोन दिवस वारा लागू द्या, आणि मगच बॅटरी जोडा. एवढं केल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

मृगाआधीची तयारी

मे महिन्याच्या शेवटी अर्धा दिवस काढा. प्लगची कॅप आणि वायर वाकवून पाहा. चिरा दिसल्या तर तेव्हाच बदला. मुख्य अर्थिंगचा जोड घासून आवळा. बॅटरीची टर्मिनलं स्वच्छ करून जेली लावा. डोम उघडून कप्लर साफ करा. हँडलच्या मानेशी वायरींचा जुडगा मोकळा हलतो ना ते पाहा. पावसाळ्यात भिजलेल्या गाडीवर लगेच प्लास्टिक झाकू नका, आत वाफ धरते. छपराखाली उघडीच ठेवा.

मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर टेप जरूर लावा. दिवे गेले तरी तो चमकतो. गाडी अंधारात बंद पडली तर आधी ती रस्त्याच्या डाव्या बाजूला, डांबराच्या बाहेर ढकला. इंडिकेटर बॅटरीवर चालतं, तेव्हा चावी चालू ठेवून ते लावा. किक त्यानंतर. सीटखाली नवा प्लग आणि प्लगपाना, त्याच अँपिअरचे दोन फ्यूज, कोरडं फडकं, टेप आणि छोटी टॉर्च एवढं असलं की बहुतेक वेळा घर गाठता येतं.

मिस्त्रीकडे जाताना

नुसतं "गाडी बंद पडते" असं सांगू नका. पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने बंद पडली, झटके देत पडली की एकदम, तेव्हा हॉर्न वाजत होता का, किती वेळाने आपोआप सुरू झाली, हे सांगा. या चार उत्तरांत निम्मा शोध होतो. पार्ट बदलला तर जुना परत मागा. आणि दुरुस्तीनंतर त्याच जागी पाणी मारून दाखवा म्हणा. चांगल्या मिस्त्रीला या मागणीचा राग येत नाही.

मात्र आपलीही एक सवय बदलायला हवी. आपण पार्टचे पैसे बिनतक्रार देतो आणि शोधण्याचे पैसे मागितले की घासाघीस करतो. "नुसतं पाहायचे काय घेता?" हे वाक्य प्रत्येक गॅरेजात ऐकू येतं. मग ज्याचं पोट पार्टवर चालतं तो पार्टच बदलणार. त्या वयस्कर मिस्त्रींनी कॅपची किंमत आणि संध्याकाळभराची मजुरी वेगवेगळी सांगितली. मजुरी कॅपहून जास्त होती आणि ती देताना मला एकदाही जड वाटलं नाही. गाडी ओली करून, अंधारात उभं राहून दोष शोधणारा माणूस तुमच्या भागात असेल, तर त्याच्या शोधण्याची मजुरी पूर्ण द्या. असे मिस्त्री टिकले तरच आपल्या जुन्या गाड्या टिकतील.